अल्किओनीचे दिवस: क्रीट बेटावरच्या हिवाळी उघडिपीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अल्किओनीचे दिवस म्हणजे नेमकं काय?

ग्रीसमध्ये ऐन हिवाळ्यात काही दिवस वारा पडतो, आभाळ निवळतं, समुद्र सपाट होतो आणि लख्ख ऊन पडतं. या दिवसांना ग्रीक भाषेत ‘अल्किओनीदेस मेरेस’ म्हणतात, म्हणजे अल्किओन पक्ष्याचे दिवस. अल्किओन म्हणजे आपला खंड्या. हे दिवस साऱ्या ग्रीसमध्ये अनुभवायला मिळतात, पण इथे मी मुख्यतः क्रीटबद्दल लिहिणार आहे. भूमध्य समुद्रातल्या या लांबट बेटाच्या उत्तरेला एजियन समुद्राचा भाग, दक्षिणेला लिबियाचा समुद्र आणि मधोमध अडीच हजार मीटरच्या घरात जाणारे डोंगर. वाऱ्याचं असणं-नसणं इथे जितकं जाणवतं, तितकं फार थोड्या ठिकाणी जाणवत असेल.

मराठी वाचकाने एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. क्रीटचा पावसाळा हिवाळ्यात असतो. उन्हाळा कोरडा ठणठणीत. जून ते ऑगस्ट पावसाचा थेंब दिसणं मुश्किल. ऑक्टोबरपासून ढग येऊ लागतात आणि डिसेंबर-जानेवारीत पाऊस, वादळं, उंचावर बर्फ. म्हणून या दिवसांना ‘हिवाळ्यातलं ऊन’ म्हणण्यापेक्षा आपला ‘उघडीप’ हा शब्द जास्त चपखल बसतो. पावसाने उघडीप दिली की आपल्याकडे श्रावणात जसा जीव हलका होतो, तसंच तिथे जानेवारीत होतं. फरक इतकाच, की तिथल्या उघडिपीत वाराही थांबतो.

हे दिवस कोणत्या तारखांना येतात?

ठरलेली तारीख नाही. 15 डिसेंबर ते 15 फेब्रुवारी या दोन महिन्यांत कधीही येऊ शकतात, असं ग्रीसमध्ये सर्वसाधारणपणे मानलं जातं. त्यातही जानेवारीत जास्त वेळा. कधी चार दिवस सलग, कधी आठवडाभर, कधी दोन-तीन तुकड्यांत. एखाद्या वर्षी आलेच नाहीत, असंही होतं.

पुरातन काळी मात्र हिशेब नेमका होता: चौदा दिवस. वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या आधीचे सात आणि नंतरचे सात. पहिल्या सातांत पक्षी घरटं बांधतो, पुढच्या सातांत अंडी घालतो, असं अ‍ॅरिस्टॉटलने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात लिहून ठेवलं आणि सिमोनिदेस या त्याच्याही आधीच्या कवीचा दाखला दिला. पण तोच अ‍ॅरिस्टॉटल पुढे सांगतो की आमच्याकडे हे दिवस दरवेळी याच सुमारास येतात असं नाही, सिसिलीच्या समुद्रात मात्र जवळजवळ नेमाने येतात. मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. लोककथेचा आकडा नोंदवायचा आणि लगेच प्रत्यक्षाशी ताडूनही पाहायचा, हे काम त्याने 2300 वर्षांपूर्वी केलं.

या दिवसांत उकडतं का? किती तापमान असतं?

नाही. ही उकाड्याची गोष्टच नाही. इराक्लिओ या क्रीटच्या सर्वांत मोठ्या शहरात जानेवारीत दुपारचं तापमान सरासरी 15 अंशांच्या आसपास असतं आणि रात्रीचं 9 अंशांच्या. उघडिपीच्या दिवसांत दुपार दोन-चार अंशांनी चढते, पण रात्री उलट जास्त गार होतात, कारण आभाळावर ढगांचं पांघरूण नसतं. लासिथीसारख्या उंचावरच्या सपाट खोऱ्यांत पहाटे दंव गोठतं.

ऊब जाणवते ती वारा नसल्यामुळे. दगडी भिंतीच्या आडोशाला, दक्षिणेकडे तोंड करून बसलं की अंगावरचा कोट काढावासा वाटतो. भिंतीची सावली आली की लगेच घालावासा वाटतो. अशा वाऱ्यापासून लपलेल्या जागेला ग्रीकमध्ये ‘अपांग्यो’ म्हणतात आणि हिवाळ्यातल्या त्या उन्हाला ‘ल्याकादा’. आपल्याकडे थंडीत उन्हं खात बसतात, तसे तिथले म्हातारे कॉफीघराच्या बाहेर खुर्च्या मांडून बसतात. ऊन आहे पण गारठा चावतो, अशा दिवसाला ‘दातांचा सूर्य’ म्हणतात. तो दिवस वेगळा, कारण त्या दिवशी उत्तरेचा वारा असतो.

अक्षांशाचा अंदाज यावा म्हणून सांगते: क्रीट साधारण 35 अंश उत्तरेला आहे, म्हणजे श्रीनगरच्याही किंचित वर. डिसेंबरच्या शेवटी तिथे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 31 अंश चढतो. मुंबईत तो 47 अंशांवर असतो. एवढ्या तिरप्या उन्हातही क्रीटचा किनारा गोठत नाही, तो भोवतालच्या समुद्रामुळे. जानेवारीतही समुद्राचं पाणी 16-17 अंशांवर असतं.

मग हिवाळ्यातला प्रत्येक उबदार दिवस अल्किओनीचाच म्हणायचा का?

इथे पुष्कळांची गल्लत होते. क्रीटमध्ये हिवाळ्यातले सर्वांत गरम दिवस दक्षिणेचा वारा आणतो. हा वारा आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून येतो, क्रीटच्या डोंगरांवर चढतो आणि उत्तरेच्या बाजूला उतरताना कोरडा व गरम होतो. इराक्लिओत अशा दिवशी हिवाळ्यातसुद्धा पारा 25 अंशांच्या वर जाऊ शकतो. पण तो वारा सोसाट्याचा असतो आणि सोबत सहाराची धूळ आणतो. मार्च 2018 मध्ये या धुळीने क्रीटचं सगळं आकाश नारिंगी-लाल झालं होतं, ती छायाचित्रं अनेकांना आठवत असतील.

तो दिवस गरम, पण अल्किओनीचा नव्हे. ओळखायची खूण तापमापकात नाही, झाडाच्या पानात आहे. पान हललं नाही, धूर सरळ वर गेला आणि समुद्रावर सुरकुती दिसली नाही, तर ते दिवस आले. ‘थालासा लादी’, म्हणजे समुद्र तेल झालाय, असं तिथे म्हणतात. जिथे घरोघरी ऑलिव्हचं तेल असतं, तिथे सपाट पाण्याला दुसरी उपमा कोण शोधेल?

हवेत नेमकं काय घडतं?

हिवाळ्यात भूमध्य समुद्रावरून कमी दाबाची क्षेत्रं एकामागून एक पूर्वेकडे सरकत असतात. पाऊस आणि वादळं त्यांच्यासोबत येतात. अधूनमधून जास्त दाबाचं मोठं क्षेत्र मध्य युरोप आणि बाल्कन प्रदेशावरून खाली ग्रीसपर्यंत पसरतं आणि ठाण मांडून बसतं. त्यात हवा वरून खाली बसते. खाली बसताना ती दाबली जाते, तापते, कोरडी होते, आणि ढग विरून जातात. आजूबाजूच्या प्रदेशात दाबाचा फरक फारसा उरत नाही, त्यामुळे वाऱ्याला धावायला उतारच मिळत नाही. वादळांची वाट तेवढ्या काळापुरती दुसरीकडे वळते.

याचा एक परिणाम किनाऱ्यावर डोळ्यांना दिसतो. हवेचा दाब वाढला की समुद्राची पातळी दबते, आणि हिशेब अगदी सोपा आहे: 1 हेक्टोपास्कल (हवेचा दाब मोजायचं एकक) दाब वाढला तर पाणी सुमारे 1 सेंटिमीटर खाली जातं. नेहमीचा दाब 1013 मानला आणि तो 1030 वर गेला, तर पाणी साधारण 17 सेंटिमीटरने उतरतं. मुंबईच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीचा फरक चार मीटरच्याही पुढे जातो, तिथे या वीतभर पाण्याचं कुणाला काही वाटणार नाही. पण क्रीटभोवती भरती-ओहोटी वीतभरही नसते. त्यामुळे एरवी पाण्याखाली असणारे शेवाळलेले दगड उघडे पडले की ते लगेच लक्षात येतं. भूमध्य समुद्राच्या पश्चिम टोकाला, मायोर्का-मेनोर्का बेटांवर, जानेवारीतल्या या स्थितीला ‘मिनवेस दे जेनेर’, म्हणजे जानेवारीची ओहोटी, असंच नाव आहे. ग्रीकांनी वाऱ्याचं थांबणं पाहिलं, त्या बेटांवरच्या लोकांनी पाण्याचं उतरणं. कारण एकच.

यामागची कथा काय आहे?

अल्किओनी ही वाऱ्यांचा स्वामी एओलस याची मुलगी. तिचा नवरा केईक्स हा त्राखिस नगरीचा राजा, पहाटेच्या ताऱ्याचा मुलगा. दोघांचं एकमेकांवर विलक्षण प्रेम. केईक्सला एका दूरच्या देवस्थानी कौल घ्यायला समुद्रमार्गे जायचं होतं. अल्किओनीने त्याला परोपरीने अडवलं. वारे काय चीज आहेत हे मी बापाच्या घरी लहानपणापासून पाहिलंय, ते एकदा सुटले की कुणाचे नसतात, असं तिने सांगितलं. तो थांबला नाही. दोन महिन्यांत परत येतो, एवढं वचन देऊन निघाला.

वादळात जहाज फुटलं. पाण्यात बुडेपर्यंत तो तिचंच नाव घेत राहिला. इकडे ती रोज देवळात जाऊन त्याच्या सुखरूप परतीसाठी प्रार्थना करत होती. मेलेल्या माणसासाठी चाललेली ही प्रार्थना देवराणीला ऐकवेना. तिने निद्रादेवाकरवी स्वप्न पाठवलं: निथळत्या अंगाने केईक्स बिछान्याशी उभा राहिला आणि आपण गेल्याचं सांगून गेला. पहाटे अल्किओनी किनाऱ्यावर धावली. लाटांवर काहीतरी तरंगत जवळ येत होतं. ओळख पटली तशी तिने बंधाऱ्यावरून उडी घेतली, आणि पाण्यावर पडण्याआधीच तिला पंख फुटले. देवांना दया आली. तोही पक्षी झाला.

पुढचा भाग महत्त्वाचा. ती हिवाळ्यात समुद्रावर तरंगत्या घरट्यात अंडी उबवते. त्या सात दिवसांत तिचा बाप एओलस वाऱ्यांना कोंडून ठेवतो आणि नातवंडांसाठी समुद्र शांत राखतो. रोमन कवी ओविदने इसवी सनाच्या आरंभी ही कथा सविस्तर लिहिली. ‘नातवंडांसाठी’ हा शब्द त्याच्याच ओळीत आहे. जावयाला ज्या वाऱ्यांनी बुडवलं, तेच वारे आजोबा नातवंडांसाठी अडवून धरतो. या संपूर्ण कथेत ऊन कुठेच नाही, ऊबही नाही. कथा आहे ती फक्त वारा थांबण्याची. हवामानशास्त्र आज जे सांगतं, त्याच्याशी ती म्हणूनच इतकी जुळते. ज्यांनी ती रचली ते समुद्रावर पोट असलेले लोक होते. अंगाला ऊन लागतं की नाही, यापेक्षा होडी पाण्यात घालता येते की नाही, हा त्यांचा प्रश्न होता.

कथेचं हे एकच रूप आहे का?

नाही. जुन्या एका रूपात हे दोघे गर्विष्ठ आहेत. एकमेकांना ‘झ्यूस’ आणि ‘हेरा’, म्हणजे देवांचा राजा आणि राणी, म्हणून हाका मारतात, म्हणून झ्यूस रागावून त्यांना पक्षी करून टाकतो. तिसऱ्या कथेत अल्किओनेउस या राक्षसाच्या मुली बापाच्या मृत्यूनंतर समुद्रात उड्या घेतात आणि सागरराणी त्यांचे पक्षी करते. मला स्वतःला नवरा-बायकोच्या विरहाचं रूप जवळचं वाटतं, आणि ग्रीसमध्ये मुलांना आजही बहुधा तेच सांगितलं जातं.

खंड्या खरोखर हिवाळ्यात समुद्रावर अंडी घालतो का?

मुळीच नाही. खंड्याची वीण वसंतापासून पुढे होते आणि घरटं नदी-ओढ्याच्या काठच्या मातीत कोरलेल्या बोगद्यात असतं. हा बोगदा बहुधा दोन-तीन फूट खोल जातो.

तरीही कथा हवेतून आलेली नाही. उत्तरेकडची नद्या-तळी गोठली की तिथले खंड्ये दक्षिणेला सरकतात आणि हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवर दिसू लागतात, क्रीटवरही. म्हणजे वर्षाच्या नेमक्या याच काळात कोळ्यांना बंदरातल्या दोरखंडावर बसलेला हा झगमगता निळा पक्षी दिसायचा. पाणी निवळ आणि स्थिर असलं की त्याला मासे नीट दिसतात, तेव्हा त्या दिवसांत तो जास्त नजरेत भरत असणार. त्यातून दोन गोष्टी जोडल्या गेल्या, असा माझा तर्क आहे.

अ‍ॅरिस्टॉटलने या पक्ष्याच्या समुद्रावरच्या घरट्याचं वर्णन केलंय: लालसर, भोपळ्यासारखं, लांब मानेचं, आणि बहुधा माशाच्या काट्यांचं बनलेलं. घरटं चुकलं, काटे बरोबर निघाले. खंड्या न पचलेले काटे ओकतो आणि त्याच्या बिळात त्यांचा थर साचतो. कुणीतरी कधीतरी असं बीळ उकरलं असणार आणि ती माहिती तोंडोतोंडी फिरत समुद्रावर पोचली असणार.

जुने खलाशी या दिवसांत जहाजं बाहेर काढत का?

लांबच्या प्रवासाला, सहसा नाही. रोमन काळात 11 नोव्हेंबर ते 10 मार्च समुद्र ‘बंद’ मानला जाई. त्याच्याही कितीतरी आधी हेसिओद या कवीने बजावलंय की कृत्तिका मावळू लागल्या की जहाज किनाऱ्यावर ओढून ठेवा. योगायोग असा की कृत्तिकांमधल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्याचं पाश्चात्त्य नावही अल्किओनीच आहे. ती मात्र दुसरी अल्किओनी, अ‍ॅटलासची मुलगी.

शांत दिसणाऱ्या हवेने केवढा घात होतो, याची एक कहाणी क्रीटचीच आहे आणि ती मराठी बायबलमध्येही ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या 27 व्या अध्यायात वाचता येते. संत पौलाला कैदी म्हणून रोमला नेणारं जहाज क्रीटच्या दक्षिण किनाऱ्यावर, आजच्या काली लिमेनेस या गावापाशी, अडकलं होतं. मोसम उलटून गेला होता. पुढे जाऊ नका, असं पौलाने सांगितलं. पण हिवाळा काढायला पश्चिमेकडचं फिनिक्स बंदर बरं म्हणून, दक्षिणेचा मंद वारा सुटताच त्यांनी नांगर उचलला. थोड्याच वेळात बेटावरून खाली तुफानी वारा कोसळला. चौदा रात्री भरकटल्यावर जहाज माल्टापाशी फुटलं. माणसं वाचली. तो मंद वारा अल्किओनीच्या दिवसांतला नव्हता, पण क्रीटचा हिवाळा ज्याला माहीत आहे तो दोन निवांत दिवसांवर का विसंबत नाही, हे यातून कळतं.

बेटावरचे लोक या दिवसांत काय करतात?

सुट्टी घेत नाहीत, कामं उरकतात. क्रीटमध्ये नोव्हेंबरपासून जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत ऑलिव्हची काढणी चालते. झाडाखाली जाळी अंथरायची, फांद्या झोडपून फळ पाडायचं, पोती भरायची आणि शक्य तितक्या लवकर घाण्यावर पोचवायची. इथली मुख्य जात कोरोनेइकी, फळ बोराच्या बीएवढं लहान, पण तेलाला भरदार. पावसात हे काम होत नाही: चिखल होतो, भिजलेलं फळ साठवता येत नाही. वाऱ्यात जाळी उडते, शिडीवर उभं राहता येत नाही. म्हणून उघडीप मिळाली की शहरात नोकरी करणारी मुलं, सुना, जावई सगळे गावाकडे धावतात.

मेंढपाळ या काळात डोंगर उतरून किनाऱ्याजवळच्या हिवाळी कुरणांत आलेले असतात आणि कोकरं नुकतीच जन्मलेली असतात. त्यांना ऊन म्हणजे जीवदानच. बायका चाकू आणि पिशवी घेऊन रानभाज्या खुडायला निघतात. त्यातली ‘स्तामनागाथी’ ही काटेरी झुडपात दडलेली कडवट भाजी क्रीटची खास. उकडून, वर तेल आणि लिंबू. आपल्याकडे पावसाळ्यात टाकळा-कुर्डूसाठी बायका रानात जातात, त्यांना हे दृश्य अगदी ओळखीचं वाटेल. कोळी जाळी दुरुस्त करतात आणि होड्या बाहेर काढतात. आणि या सगळ्यांच्या मागे प्सिलोरितिस डोंगराचा 2456 मीटरचा माथा बर्फाने पांढरा असतो.

या दिवसांबद्दल म्हणी आहेत का?

जानेवारीवर ग्रीकमध्ये पुष्कळ आहेत. सर्वांत नेमकी ही: ‘ओ येनारिस की आन येन्नाते, तू कालोकेरिऊ थिमाते.’ जानेवारी जन्मला तरी त्याला उन्हाळा आठवतो. ‘येनारिस’ म्हणजे जानेवारी आणि ‘येन्नाते’ म्हणजे जन्मतो, असा त्यात नादाचा खेळ आहे. फेब्रुवारीची म्हण दुटप्पी: त्याने मनावर घेतलं तर उन्हाळ्याचा वास येईल, पण तो रुसला तर बर्फात गाडेल.

बदामाच्या झाडाबद्दलही लोक हळहळून बोलतात. जानेवारीच्या उन्हाने फसून ते फुलून येतं, आणि मग थंडीची लाट आली की सगळा मोहर गळतो. आंब्याचा मोहर अवकाळीने गेलेला ज्याने पाहिलाय, त्याला हे वेगळं सांगायला नको.

मार्चअखेर परतणाऱ्या थंडीला ग्रीक लोक ‘म्हातारीचे दिवस’ म्हणतात, त्यांचीही एक कथा आहे. थंडी संपली म्हणून एक शेळ्यावाली म्हातारी मार्चची टर उडवते. मार्च चिडतो, फेब्रुवारीकडून दिवस उसने घेतो आणि तिला शेळ्यांसकट गोठवून दगड करतो. फेब्रुवारी तेव्हापासून तोकडा राहिला. ग्रीक लोक त्याला लाडाने ‘लंगडा फेब्रुवारी’ म्हणतात.

माल्टा आणि सिसिलीतला ‘सेंट मार्टिनचा उन्हाळा’ म्हणजे हेच का?

नाही. तो 11 नोव्हेंबरच्या आसपासचा, म्हणजे हिवाळा सुरू होण्याआधीचा. ग्रीसमध्येही 26 ऑक्टोबरच्या सुमारास ‘संत दिमित्रिओसचा छोटा उन्हाळा’ असतो. ते दोन्ही उन्हाळ्याचे शेपूट. अल्किओनीचे दिवस ऐन थंडीच्या मध्यावरचे.

हे दिवस पाहायला मुद्दाम जावं का?

फक्त त्यांच्यासाठी तिकीट काढू नका, कारण आठवडाभर पाऊसही पडू शकतो. जानेवारीत जायचंच असेल तर हान्या, रेथिम्नो, इराक्लिओ ही उत्तरेची शहरं नेहमीसारखी चालू असतात आणि क्नोसॉसच्या प्राचीन राजवाड्याचे अवशेष गर्दीविना पाहता येतात. दक्षिण किनाऱ्यावरची बरीच हॉटेलं बंद असतात, समारियाची घळ हिवाळाभर बंद असते. अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून रात्रीची जहाजं वर्षभर येतात, पण वादळी वारा असला की बंदरातून सुटायला मनाई होते. परतीच्या विमानाआधी एक-दोन दिवस हाताशी ठेवा.

आपल्याकडे अल्किओनी दिसते का?

दिसते, आणि केईक्ससकट दिसते. क्रीटच्या बंदरात हिवाळ्यात बसणारा छोटा निळा खंड्या आणि महाराष्ट्रातल्या नदी-तळ्यांवरचा छोटा खंड्या ही एकच जात आहे. तारेवर, विहिरीच्या कठड्यावर बसणारा तपकिरी डोक्याचा, पांढऱ्या छातीचा मोठा खंड्या मात्र वेगळा. त्याच्या प्रजातीला शास्त्रज्ञांनी नाव दिलं ‘हॅल्सियॉन’, म्हणजे अल्किओनीच. त्याच्या नावाचा दुसरा भाग स्मिर्नावरून आला आहे, म्हणजे एजियन समुद्राच्या पूर्व काठावरचं आजचं इझ्मिर.

आणि कोकणात जूनमध्ये पावसासोबत येणारा तो चिमुकला, जांभळा-केशरी तिबोटी खंड्या? त्याची प्रजाती ‘सीक्स’, म्हणजे केईक्स. कर्नाळ्यासारख्या जंगलांत तो ओढ्याच्या ओल्या दरडीत बीळ कोरतो आणि भर पावसात, वारा-वादळ चालू असताना, पिल्लं वाढवतो.